पार्श्वभूमी : पुड्यावरच्या फायबरचा आकडा

पुण्यात सध्या कुठल्याही पेठेतल्या किराणा दुकानात ‘हाय फायबर’ असं मिरवणारी आट्याची पिशवी किंवा बिस्किटाचा पुडा हमखास दिसतो. मागच्या कोष्टकात फायबरचे ग्रॅम छापलेले असतात. हे ग्रॅम नेमके कशाचे, यावर गेली पन्नासेक वर्षं वाद चालू आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

यामागचं रसायन जुनंच. स्टार्चमध्ये आम्ल घालून 1811 मध्ये साखर बनवली गेली, वनस्पतींच्या पेशीभित्तीतलं सेल्युलोज 1838 मध्ये वेगळं काढलं गेलं, यकृतातलं ग्लायकोजेन 1857 मध्ये हाती लागलं. हे पदार्थ म्हणजे छोट्या रेणूंचे पुंजके नसून खरोखरच्या लांब साखळ्या आहेत, हे पटायला मात्र 1920 नंतरचं दशक उजाडावं लागलं. तिन्हींचा कच्चा माल एकच, ग्लुकोज, फरक जोडणीचा. स्टार्च आणि ग्लायकोजेनमध्ये अल्फा जोड असतात, साखळी वळत जाते आणि लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम (पचनाला मदत करणारं प्रथिन) ती सहज तोडतं. सेल्युलोजमध्ये बीटा जोड असल्याने साखळ्या सरळ राहतात आणि एकमेकींना घट्ट चिकटून त्यांचे धागे बनतात. ते तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. म्हशीकडेही नाही, पण तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात, म्हणून कडब्यावर तिचं भागतं.

गोंधळ मोजणीपासून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जनावरांच्या चाऱ्यासाठी एक रीत बसवली गेली : नमुना आधी आम्लात, मग अल्कलीत उकळायचा आणि उरेल तो चोथा तोलायचा. यात पेक्टिन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तीतलीच न पचणारी इतर कर्बोदकं, वाहून जातात. आपल्याकडच्या जुन्या अन्नघटक-कोष्टकांत हाच आकडा असे, त्यामुळे 100 ग्रॅम ज्वारीत चोथा जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास. 2017 च्या भारतीय कोष्टकात तीच ज्वारी 10 ग्रॅमवर गेली. बदलली ती मोजायची रीत. 1985 मध्ये मान्य झालेल्या पद्धतीत नमुन्यातलं स्टार्च आणि प्रथिनं एन्झाइमांनी काढून टाकतात, मग अल्कोहोल ओततात आणि खाली बसेल ते तोलतात.

मेख इथेच आहे. अल्कोहोलमध्ये लांब साखळ्या खाली बसतात, आखूड साखळ्या विरघळलेल्याच राहतात. त्या धरायच्या की सोडायच्या?

2009 मध्ये आंतरराष्ट्रीय खाद्यमानकं ठरवणाऱ्या यंत्रणेने व्याख्या मंजूर केली : साखळीत साखरेचे दहा किंवा अधिक घटक असलेली, लहान आतड्यात न पचणारी कर्बोदकं म्हणजे फायबर. आणि खाली एक तळटीप : तीन ते नऊ घटकांच्या साखळ्या मोजायच्या का, हे त्या त्या देशाने ठरवावं. वर्षानुवर्षं काथ्याकूट करून कळीचा मुद्दा तळटिपेत ढकलला गेला! युरोपने आदल्याच वर्षी तीनपासून मोजायचं ठरवलं होतं. अमेरिकेनेही 2016 मध्ये तीच रेघ ओढली आणि 2018 मध्ये इन्युलिनला, म्हणजे वनस्पतींच्या मुळांतून वेगळ्या काढलेल्या न पचणाऱ्या कर्बोदकाला, मान्य यादीत घेतलं.

आखूड साखळ्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्याही मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथल्या जिवाणूंना खाद्य पुरवतात, मग वगळायच्या कशासाठी? यात तथ्य आहे. पण 1970 च्या दशकात आफ्रिकेत काम केलेल्या डॉक्टरांनी फायबरचा आग्रह धरला तो अख्ख्या धान्या-भाज्यांच्या जेवणावरून. कारखान्यात वेगळी काढलेली पूड तेव्हा कुणाच्या ताटात नव्हती. व्याख्येने कृत्रिम आणि वेगळ्या काढलेल्या कर्बोदकांसाठी फायदा सिद्ध करण्याची अट घातली खरी, तरी तळटिपेचा सर्वाधिक उपयोग झाला तो मैद्याच्या बिस्किटात चमचाभर पूड मिसळून आकडा फुगवणाऱ्यांना, असंच म्हणावं लागेल.

गंमत म्हणजे याच रेघेवर आपल्या उसळी बसल्या आहेत. हरभऱ्यात-वालात रॅफिनोज (तीन घटक) आणि स्टॅकिओज (चार घटक) असतात. ते लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे जिवाणू त्यांचा वायू करतात आणि वालाची उसळ ‘वातूळ’ ठरते. दहाची रेघ धरली तर हे दोघे फायबर नाहीत, तीनची धरली तर आहेत.

त्यात 1980 च्या दशकात आणखी एक भर पडली, न पचणाऱ्या स्टार्चची. भात शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, साखळ्या सुट्या होतात. थंड झाल्यावर त्या पुन्हा जवळ येऊन काही भाग घट्ट बसतो. परत गरम केल्यावर अमायलोपेक्टिनची (स्टार्चमधल्या फांद्या असलेल्या साखळ्यांची) बैठक मोडते, अमायलोजची (सरळ साखळ्यांची) बरीचशी टिकते. त्यामुळे रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात केला, तर एन्झाइमांना दाद न देणारं स्टार्च ताज्या भातापेक्षा त्यात थोडं जास्त निघतं. तांदळाच्या पिशवीवरचा आकडा मात्र कच्च्या तांदळाचा असतो.