पोटगी थकली की जेल, हे आलं कुठून?

पुण्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात पोटगी वसुलीच्या तारखेला जाऊन बसा, कोणीतरी बाकावर वकिलाला सांगत असतोच, "महिनाभर आत बसेन पण एक रुपया देणार नाही." त्याला वाटतं आत जाऊन आलो की हिशोब मिटला. मिटत नाही.

पोटगीचं हे कलम इंग्रजांच्या काळापासूनचं. १८९८ च्या फौजदारी संहितेत ४८८, १९७३ च्या कोडमध्ये तेच १२५ झालं. बायकापोरं रस्त्यावर येऊ नयेत एवढाच हेतू, म्हणून धर्म कुठला ते बघायचं नाही, पोरगं लग्नातलं की लग्नाबाहेरचं तेही नाही, आणि निकाल झटपट लावायचा (कागदावर हो, तारखा पडायच्या त्या पडतातच). पैसे थकले की दंडासारखं वसुली वॉरंट, तरी नाही भरले तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद.

जेल एवढी कडक पण रक्कम मात्र फुटकळ! १९५५ साली कमाल मर्यादा महिना ५०० रुपये झाली, महाराष्ट्रात ती १९९९ पर्यंत तशीच, मग १५०० केली, आणि २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे नव्वदीत बापाचा पगार कितीही असू दे, या कलमाखाली माणशी ५०० च्या वर नाही, त्यात शाळेची फी, रिक्षा, दूध काय काय बसवणार ती आई.

आत बसण्याचा मुद्दा १९८८ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग. जेल हे पैसे काढायचं साधन आहे, जेल भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. पण पुण्यातल्या बाकांपर्यंत हे अजून पोचलेलं दिसत नाही.

मग २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, रजनेश विरुद्ध नेहा. दोघांनीही कमाई-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्ज केल्या तारखेपासून, आणि थकली तर दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली. हिंजवडीतल्या पगारदाराचा पगार जप्त होऊ शकतो, धंदेवाला मात्र तोटा दाखवून मोकळा, तिथे खरी मारामारी.

१ जुलै २०२४ पासून १२५ चं १४४ झालंय, जुन्या कोडच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत. वर्षाची अट तीच, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी हे वॉरंट निघत नाही, म्हणून "पुढच्या महिन्यात देतो" ऐकत बसलेल्या बाईला वकील आधी वसुली अर्ज टाकायला लावतो.