कोच गेला, तरी आकडा मागेच राहतो

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: नवा कोच आला की संघाच्या अभ्यासाची पाटी कोरी होते. हे साफ चूक आहे. एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना खेळाडूंची अभ्यासातली प्रगती ज्या आकड्यानं मोजते, तो एपीआर संघाच्या नावावर राहतो, आणि तो 4 वर्षांचा मिळून काढतात.

शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला सत्रामागे 2 गुण. एक अभ्यासात पात्र राहिल्याचा, दुसरा कॉलेजात टिकल्याचा. समजा 85 खेळाडू, 2 सत्रं, म्हणजे वर्षाचे 340. आता समजा कोचला काढलं आणि त्याच्यामागोमाग 12 पोरं अभ्यास अर्धवट टाकून, अपात्र होऊन निघून गेली. 24 गुण गेले, उरले 316. हजाराच्या मापात त्या वर्षाचे 929. मोसमानंतरच्या सामन्यांसाठी सरासरी 930 लागते! आधीची वर्षंही जेमतेम असतील, तर खेळ खल्लास.

आयडाहो विद्यापीठाचं बघा. 2012 मध्ये कोच रॉब एकींना काढलं, त्यांच्या जागी पॉल पेट्रिनो आले. हिशेबातली वर्षं बहुतेक एकींच्या काळातली, पण आकडा कमी पडल्यानं मोसमानंतरच्या सामन्यांवर आलेली 2014 ची बंदी भोगली पेट्रिनोंच्या संघानं. त्यात नुकतीच आलेली, एकही गुण न गमावलेली पोरंही होती. मला तेच फार लागतं.