स्फिंचोने

स्फिंचोने (सिसिलियन बोलीत 'स्फिंचुनी') : इटलीतील सिसिली बेटावरचा, मुख्यतः पालेर्मो शहरातला जाड पिझ्झा. नापोलीचा पातळ, गोल पिझ्झा डोळ्यांसमोर असेल तर हा आधी पावच वाटतो, आणि तसे वाटण्यात फारशी चूकही नाही. नाव स्पंजावरून आले असावे. मूळ शब्द लॅटिन की अरबी, यावर मात्र एकमत नाही. आतून चांगली जाळी पडलेला तुकडा बोटाने दाबला की खाली बसतो आणि सोडला की वर येतो.

गव्हाच्या पिठात दुरुम गव्हाचा बारीक रवा मिसळून सैल कणीक भिजवतात. ती फुगली की तेल लावलेल्या ट्रेमध्ये थापतात. खारवलेल्या अँचोव्ही माशांचे आणि काचोकावाल्लो चीजचे तुकडे तिच्यात बोटाने खुपसतात. त्यावर भरपूर कांदा घालून आटवलेला टोमॅटोचा रस, ओरेगॅनो आणि सगळ्यांत वर तेलात घोळवलेला पावाचा चुरा. सारी गंमत या क्रमात आहे. चीज खाली दडल्यामुळे करपत नाही आणि चुरा वर असल्यामुळे कुरकुरीत होतो.

डिसेंबरच्या सणांत, विशेषतः 8 तारखेच्या मेरीच्या सणाच्या आदल्या रात्री आणि नाताळात, तो घरोघरी होतो. एरवी तो रस्त्यावर मिळतो. पालेर्मोचे फेरीवाले तो 'लापा'वरून विकतात. लापा म्हणजे पियाजिओची आपे, आपल्याकडे बारामतीच्या कारखान्यात तयार होणारी तीच तीनचाकी. तिच्यावरच्या भोंग्यातून पुकारा होतो : तेल कमी, धूळ भरपूर! स्वतःच्याच मालाची अशी थट्टा करणारा विक्रेता विरळाच.

पालेर्मोजवळच्या बागेरिया गावचा स्फिंचोने पांढरा असतो. त्यात टोमॅटो नाही. तूमा हे ताजे चीज किंवा रिकोटा, कांदा, अँचोव्ही आणि चुऱ्याचा जाड थर. टोमॅटो युरोपात सोळाव्या शतकात पोचला, हे लक्षात घेता जुना प्रकार हाच असावा असे वाटते. सिसिलीतल्याच त्रापानी शहरातल्या 'रियानाता' या पिझ्झ्याचे नावच ओरेगॅनोवरून पडले आहे. कातानियाकडे 'पिझ्झा सिचिलियाना' मागितला तर भाजलेला नव्हे, तूमा आणि अँचोव्ही भरून तळलेला, करंजीच्या आकाराचा पिझ्झा हाती येतो.

स्थलांतरितांबरोबर जाड चौकोनी पिझ्झा अमेरिकेत गेला. तिथल्या 'सिसिलियन' पिझ्झ्यावर मोझरेला पसरलेले असते, कांदा आणि चुरा बहुधा गायब. डेट्रॉइटचा लोखंडी ट्रेमधला, कडेला चीज खरपूस झालेला पिझ्झा (1946) याच घराण्यातला.