व्ह्यो-एमोसाँ पाऊलठसे

व्ह्यो-एमोसाँ पाऊलठसे : आल्प्स पर्वतातील ट्रायासिक काळातल्या (सु. २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) सरीसृपांच्या पायांचे अश्मीभूत ठसे. स्थळ स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, व्हॅले कँटनमधील (प्रांतातील) फिनो गावाच्या वरच्या अंगाला, फ्रान्सच्या सीमेलगत सु. २,४०० मी. उंचीवर आहे. पर्यटकांत ते ‘डायनोसॉरच्या पावलांची जागा’ म्हणून ओळखले जाते. हे नाव अजून प्रचारात असले, तरी अलीकडच्या संशोधनानंतर ते जपूनच वापरावे लागते.

परिसरात दोन तलाव असून नावसाधर्म्यामुळे त्यांची गल्लत होते. दोन्ही जलविद्युतीसाठी बांधलेले जलाशय आहेत. खालचा एमोसाँ हा मोठा असून त्याची १८० मी. उंच कमानी भिंत १९७० च्या दशकात पुरी झाली. तिच्यामागील पाण्यात १९२० च्या दशकातील बार्बरिन हे जुने धरण बुडाले. वरचा व्ह्यो-एमोसाँ (व्ह्यो म्हणजे जुना) लहान असून त्याचे धरण १९५५ चे आहे. नाँ द द्राँस या ९०० मेगॅवॉट क्षमतेच्या उदंचन (खालचे पाणी पंपाने वर चढवून पुन्हा वीजनिर्मितीसाठी सोडणाऱ्या) प्रकल्पासाठी अलीकडे त्याची उंची सु. २० मी. वाढविण्यात आली. हा प्रकल्प २०२२ मध्ये कार्यान्वित झाला. ठसे या वरच्या तलावाच्याही वर, उतारावरील उघड्या खडकावर आहेत.

फ्रेंच भूवैज्ञानिक झॉर्झ ब्रोनेर यांना ते २३ ऑगस्ट १९७६ रोजी आढळले. ऑगस्ट महिना लक्षात घेण्याजोगा आहे, कारण वर्षातील बराच काळ हा खडक बर्फाखाली असतो. ठशांची संख्या ८०० हून अधिक भरते. ठसे धारण करणारा वालुकाश्माचा थर एग्वीय रूज गिरिपिंडाच्या प्राचीन स्फटिकी खडकांवर टेकलेला आहे. त्याच्या पृष्ठावर पाण्याने उमटविलेली तरंगचिन्हेही दिसतात. ओली वाळू तुडवली गेली तेव्हा हा भाग सपाट होता. आल्प्स पर्वत त्यानंतर फार उशिरा उचलला गेला आणि त्याबरोबर हा थरही कलता झाला. पाहणाऱ्याला प्राणी कडा चढून गेल्याचा भास होतो, तो यामुळे.

हे ठसे कोणाचे, हा वादाचा मुद्दा आहे. झॉर्झ दमात्यू व मार्क वायडमान यांनी १९८२ मध्ये पहिले सविस्तर वर्णन केले. त्यांनी ठशांच्या अनेक जाती वेगळ्या काढल्या, काहींना नवी नावे दिली आणि तीन बोटांच्या काही ठशांचा संबंध आद्य डायनोसॉरांशी जोडला. थराचे वय त्यांनी मध्य ट्रायासिकची अखेर किंवा उत्तर ट्रायासिकचा आरंभ असे धरले. वय आणि ओळख येथे एकमेकांना आधार देतात. निर्विवाद डायनोसॉर सांगाडे सु. २३ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे मिळतात, त्यामुळे थर जितका जुना ठरेल तितका डायनोसॉरांचा दावा दुबळा होतो.

झाले तसेच. मार्को आवान्झिनी व लिओनेल काव्हँ यांनी २००९ मध्ये येथील ‘आयसोकायरोथेरियम’ प्रकारची (हाताच्या पंजासारख्या दिसणाऱ्या, ‘कायरोथेरियम’ गटातील ठशांची) एक पाऊलरांग प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे थर अधिक जुना, पूर्व ट्रायासिकच्या अखेरीपासून मध्य ट्रायासिकच्या आरंभापर्यंतचा असावा असे सुचविले. हेंड्रिक क्लाइन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या फेरतपासणीचा रोख त्याच दिशेचा आहे. पाच बोटांच्या पायाची कडेची बोटे वाळूत नीट रुतली नाहीत, तर उरलेला ठसा तीन बोटांचा भासतो. ‘डायनोसॉर’ म्हणून नोंदविलेले बरेच ठसे असे अपुरे उमटलेले कायरोथेरियमवर्गीय ठसे आहेत, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसार ते मगरी आणि डायनोसॉर ज्या मोठ्या गटात मोडतात, त्या आर्कोसॉर गटातील प्राण्यांचे असून सु. २४ कोटी वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून थोडे जुने ठरतात.

‘कायरोथेरियम’ (हाताचा पशू) हे नाव योहान याकोब काउप यांनी १८३५ मध्ये जर्मनीतील हिल्डबुर्गहाउझेन येथील ठशांना दिले. ते ठशाचे नाव आहे, प्राण्याचे नव्हे. ठसा माणसाच्या पंजासारखा दिसतो, पण ‘अंगठा’ बाहेरच्या बाजूस! त्यामुळे हा प्राणी पायांचा तिढा घालून चालत असावा, अशीही कल्पना एकोणिसाव्या शतकात मांडली गेली. बाहेर वळलेले ते बोट अंगठा नसून पाचवे बोट, म्हणजे करंगळी होय. व्होल्फगांग झर्गेल यांनी १९२५ मध्ये केवळ ठशांवरून मगरीच्या दूरच्या नात्यातील प्राण्याची आकृती उभी केली. पुढे १९६५ मध्ये बेर्नार्ड क्रेब्स यांनी वर्णिलेला तिचिनोसुकस हा प्राणी तिच्याशी बराच जुळला. त्याचा सांगाडा स्वित्झर्लंडच्याच तिचिनो कँटनमधील मोंते सान जोर्जो येथे मिळाला होता. व्ह्यो-एमोसाँचे ठसे नेमके त्याच प्राण्याचे, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

पदभ्रमंती एमोसाँ धरणापासून सुरू होते. मार्तिन्यीहून येणाऱ्या रेल्वेने फिनोला उतरून बसने धरणावर जाता येते. ल शातलारहून निघणारी केबल-रेल्वे हा दुसरा मार्ग. तिचा चढ काही ठिकाणी ८७ टक्के असून ती मुळात बार्बरिन धरणाच्या बांधकामासाठी घातली होती. धरणाची भिंत ओलांडून वाट मोठ्या तलावाच्या काठाने जाते, मग वरच्या धरणाकडे चढते आणि तेथून ठशांच्या खडकाकडे वळते. परतताना काही जण व्हदालच्या घळीतून उतरतात. ती वाट खडकाळ व उभी असल्याने चढ-उताराची सवय असलेल्यांनाच सोयीची. हंगाम साधारणपणे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. डोक्यावर आलेल्या उन्हात ठसे सपाट दिसतात, तिरप्या प्रकाशात त्यांच्या कडा उठून येतात.

व्ह्यो-एमोसाँनंतर व्हॅलेमधील एमनीच्या परिसरातही याच प्रकारचे ठसे नोंदले गेले आहेत.