मोहरीएवढ्या थेंबातलं क्रिएटिनीन

नाशिक शहरातल्या सिडको किंवा नाशिकरोडच्या दवाखान्याला बोटाच्या थेंबावर क्रिएटिनीन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) सांगणारं यंत्र बहुतेक वेळा लागत नाही. लॅब कोपऱ्यावर असते आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या सुरगाणा-पेठकडच्या दवाखान्याचं गणित वेगळं आहे. नमुना नाशिकला जाऊन रिपोर्ट परत येईतो पेशंट पाड्यावर पोचलेला असतो, आणि पुन्हा यायचं तर त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी हे ठरवावं की पेशंट समोर बसलेला असताना या आकड्यावर आपण नेमकं काय करणार आहोत. मधुमेहाचं मेटफॉर्मिन सुरू ठेवायचं की थांबवायचं, गुडघेदुखीला वेदनाशामक द्यायचं की नाही, की सीटी स्कॅनला रंगद्रव्य टोचण्याआधीची खात्री करायची?

हे निर्णय खरं तर क्रिएटिनीनवर नसतात, त्यावरून काढलेल्या ईजीएफआरवर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याच्या अंदाजावर असतात. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार. आता साठ वर्षांची एक बाई घ्या. क्रिएटिनीन १.० असेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने तिचा ईजीएफआर ६४ येतो. यंत्राने १.१ दाखवलं तर ५८ आणि १.२ दाखवलं तर थेट ५२. अमेरिकेत प्रयोगशाळांच्या तपासणीत क्रिएटिनीनसाठी डेसिलिटरमागे ०.२ मिलिग्रॅम किंवा १० टक्के, यातलं जे मोठं असेल तेवढी चूक चालवून घेतात. म्हणजे नियमात बसणाऱ्या चुकीनेही ही बाई रेषेच्या पलीकडे जाते. त्यामुळे डीलर ‘अचूकता ९५ टक्के’ म्हणाला की ‘कुठल्या पातळीवर?’ हे विचारायचंच. ५.० वर नेमकं वाचणारं यंत्र १.२ वर डळमळत असेल तर ते आपल्या कामाचं नाही. ५.० वर किडनी बिघडली आहे हे यंत्राशिवायही कळतं.

ही यंत्रं दोन जातींची असतात. एक ग्लुकोमीटरसारखी, पट्टीची. नोव्हा कंपनीच्या स्टॅटसेन्सरला १.२ मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा थेंब, आणि उत्तर ३० सेकंदांत येतं. दुसरी काडतुसाची (कार्ट्रिजची). ॲबटच्या आय-स्टॅटच्या क्रिएटिनीन काडतुसाला सुमारे ६५ मायक्रोलिटर रक्त आणि दोन मिनिटं लागतात. दोन्हींत विकरांची (एन्झाइमची) साखळी क्रिएटिनीनचं तुकड्यातुकड्याने विघटन करते, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि इलेक्ट्रोड ते मोजतो. लॅबमधल्या जुन्या पिक्रेटच्या, म्हणजे जाफे पद्धतीला, साखर आणि कीटोन फसवतात. विकरांची पद्धत त्यांना दाद देत नाही, पण तिचे फसवणारे वेगळे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटला मिळणारं हायड्रॉक्सियुरिया आय-स्टॅटवर क्रिएटिनीन खोटंच वाढवून दाखवतं. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, त्यामुळे गोळ्यांची यादी पाहिल्याशिवाय असा आकडा वहीत चढवू नये. अशा पेशंटचा नमुना लॅबलाच पाठवावा, आणि लॅबची पद्धत कोणती हेही विचारून घ्यावं.

हवामान हा नाशिकचा खास प्रश्न. आय-स्टॅट १६ ते ३० अंशांतच चालतं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या उपकेंद्रात ते चूक दाखवून थांबतं, आणि निफाडला जानेवारीत सकाळी सातच्या शिबिरातही तेच होतं, कारण तिथला पारा तेव्हा एकआकडी असतो. काडतुसं २ ते ८ अंशांत ठेवायची. एकदा बाहेर काढली की १४ दिवसांत संपवायची, परत फ्रिजमध्ये सरकवायची नाहीत. नाशिकच्या औषधबाजारातून, गोळे कॉलनीतून माल नेताना बर्फाची पिशवी काडतुसांना चिकटवून ठेवली तर ती गोठून वाया जातात. मध्ये पुठ्ठा घालावा. जिथे फ्रिजच्या विजेचा भरवसा नाही तिथे पट्ट्याही फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात का, ते आधी विचारावं. पट्टीच्या यंत्राचीही तापमानाची मर्यादा माहितीपत्रकात वाचून घ्यावी आणि यंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

थेंब घेण्यात सर्वांत जास्त घोटाळे होतात. हात कोमट पाण्याने धुवायला लावावा, स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यावं. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, बाजूने टोचावं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. थेंब येईना म्हणून बोट पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं, रक्तपेशी फुटतात आणि आकडा भरकटतो. आणि जेवणातलं मटण? मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनीन होतं आणि जेवणानंतर काही तास रक्तातला आकडा वाढलेला राहतो. रविवारी दुपारच्या शिबिरात जेवणाचं विचारायलाच हवं.

विकत घेण्याआधी यंत्र पंधरा दिवस वापरायला मागावं. तीस-चाळीस पेशंटचं रक्त एकाच वेळी यंत्रावर आणि चांगल्या लॅबमध्ये तपासावं, आणि त्यातले निम्मे तरी १.० ते २.० च्या दरम्यानचे असावेत. यंत्र कायम ०.१ ने जास्त दाखवत असेल तर सोसता येतं, कारण काही यंत्रांत तेवढी दुरुस्ती भरता येते. कधी ०.२ वर, कधी ०.२ खाली असा गोंधळ असेल तर यंत्र परत करावं. त्याला औषध नाही. रक्तक्षय असलेल्या बायकांचे नमुने यात मुद्दाम घ्यावेत, कारण पूर्ण रक्तावर चालणाऱ्या यंत्रात लाल पेशींचं प्रमाण बदललं की उत्तरही हलू शकतं.

खर्चाचा हिशेब पट्टीच्या छापील किमतीने करू नये. आठवड्यातून एकाच दिवशी पाच पेशंट तपासायचे आणि त्याआधी दोन पातळ्यांचं कंट्रोल सोल्युशन (आकडा आधीच माहीत असलेलं, यंत्र पडताळायचं द्रावण) लावायचं, म्हणजे सात पट्ट्यांतल्या दोन तपासणीआधीच गेल्या. पट्ट्यांची बाटली उघडल्यानंतरची मुदतही त्यात धरावी. वापरलेली लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी लागते, तो डबाही विकतच घ्यायचा असतो.

एवढं करूनही मधुमेहामुळे किडनीला सुरुवातीला पोचणारी इजा क्रिएटिनीनमध्ये उमटत नाही. ती आधी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनात दिसते, एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमपासून पुढे. साध्या लघवीच्या पट्टीला एवढं थोडं अल्ब्युमिन बहुधा दिसत नाही. पैसे एकाच चाचणीपुरते असतील आणि दवाखान्यात येणारे बहुतेक मधुमेहीच असतील, तर आधी अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तराची सोय करावी, कारण तिला सुईही लागत नाही.