अंगठ्याचा ठणका: ‘आढ्यवात’ ते युरिक ॲसिड

मध्यरात्री पायाचा अंगठा ठणकायला लागतो. सकाळपर्यंत तो लालबुंद सुजतो, वर पातळ चादरही सोसवत नाही. सांगली-मिरजेकडे याला सरसकट ‘वात आलाय’ म्हणतात. दवाखान्यात त्याला गाउट म्हणतात.

दुखणं फार जुनं आहे. चरकसंहितेत ‘वातशोणित’ हा स्वतंत्र अध्याय आहे. आजच्या गाउटशी त्यातलं सगळंच जुळत नाही, पण बरंच जुळतं. तिथे या रोगाचं एक नाव आहे ‘आढ्यवात’, म्हणजे धनवंतांचा वात. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा, मांस-मद्याच्या चैनीचा आजार मानला गेला. तो शिक्का अजून पुसलेला नाही. आमच्याकडे ऊसतोड करणाऱ्यालासुद्धा ‘मटण-दारू जास्त झाली का?’ असं आधी विचारतात. आजारी माणसाला असं गुन्हेगार ठरवणं मला मनापासून खटकतं.

खरं कारण सापडायला वेळ लागला. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांना १७७६ मध्ये मूतखड्यात युरिक ॲसिड, म्हणजे शरीरात तयार होणारं एक टाकाऊ द्रव्य, मिळालं. १८४८ मध्ये इंग्रज डॉक्टर गॅरड यांनी ते गाउटच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दाखवलं. सांध्यातल्या पाण्यात त्याचे सुईसारखे स्फटिक ओळखले गेले ते थेट १९६१ साली. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिड मोडणारं विकर (एन्झाइम) असतं. माणसाच्या पूर्वजांत ते एक-दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. म्हणून सगळा भार मुख्यतः मूत्रपिंडांवर. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक धरू शकतात, आणि पायाची बोटं अंगापेक्षा थंड असल्याने तिथे लवकर. युरिक ॲसिड किती बाहेर टाकलं जाणार, हे बरंचसं आनुवंशिक असतं.

औषधाचा एक धागा आपल्या सह्याद्रीतही आहे. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी. गाउटच्या झटक्यावर दिलं जाणारं कोल्चिसिन तिच्यात असतं. युरोपात ते एका वेगळ्या कंदातून १८२० मध्ये वेगळं केलं गेलं. कळलावीचा कंद मात्र जीवघेणा आहे, तो घरी उगाळून कुणीही घेऊ नये. युरिक ॲसिड मुळातच कमी करणारं ॲलोप्युरिनॉल १९६०च्या दशकात आलं.

पथ्याचं मात्र अजून उलटंच चाललंय. तूरडाळ, पालक पहिल्यांदा बंद होतात. २००४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात प्युरिन (ज्यातून शरीरात युरिक ॲसिड बनतं) असलेल्या भाज्यांनी गाउटचा धोका वाढलेला दिसला नाही. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि यकृतात तो मोडताना युरिक ॲसिड वाढतं. पण आमच्या ऊसपट्ट्यात बाटलीतलं गोड शीतपेय कुणी बंद करायला सांगत नाही.