आत्मकरुणा आणि 40 टक्के : एमएसच्या चर्चेमागची पार्श्वभूमी

एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचे आवरण झिजवणारा आजार) झालेल्यांनी स्वतःशी मायेने वागावे, म्हणजे आत्मकरुणा बाळगावी, अशी चर्चा आता होते. पण अशा माणसाने स्वतःशी कसे वागावे, हा प्रश्न वैद्यकाला नीट पडायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. त्याआधी रुग्णाच्या मनाकडे कुणी पाहिले नाही असे नव्हे. पाहिले, पण संशयाने. 1868 मध्ये पॅरिसमध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या डॉक्टरांनीच पुढे त्याच्या सुरुवातीशी दुःख, मनस्ताप आणि परिस्थितीची पडझड यांचा संबंध जोडला. 1926 मध्ये 100 रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, तिचा सूर बरोबर उलटा होता. हे रुग्ण आजाराच्या मानाने फारच खुशीत असतात आणि ती खुशीही आजाराचाच भाग आहे, असे तिच्यात म्हटले होते. म्हणजे रडणाऱ्याने आजार ओढवून घेतलेला आणि हसणाऱ्याला आजार कळलेलाच नाही. यात रुग्णाची स्वतःची बाजू कुठेच नव्हती.

मग मोजमापाचा काळ आला. 1983 पासून जगभर वापरात असलेली मोजपट्टी 0 ते 10 अशी, अर्ध्या-अर्ध्या अंकाने चढणारी आहे. 4 च्या पुढे ती जवळजवळ फक्त चालणे पाहते. शंभर मीटर जायला एका काठीचा आधार लागला तर 6, व्हीलचेअर आली की 7. थकव्यासाठी नऊ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली 1989 मध्ये तयार झाली, पण डॉक्टरांच्या आणि औषध-चाचण्यांच्या बोलण्यात वजन राहिले ते चालण्याच्या अंकालाच. 1993 मध्ये एमएससाठीचे पहिले इंटरफेरॉन इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले आणि आशेबरोबर एक ओझेही आले. आजार थोपवता येतो म्हटल्यावर तो वाढला तर कुणाचे तरी चुकले असणार. डोस चुकवला का, पथ्य मोडले का, फ्रिज नीट चालू होता का? गोव्यातल्या सत्तरीत किंवा काणकोणात पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते तिथे हा शेवटचा प्रश्न फार जिव्हारी लागतो.

उष्णतेचा मुद्दा त्याहून जुना आहे, आणि गोव्यात तो सोडून पुढे जाताच येत नाही. 1890 मध्ये एका जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवले होते की श्रम झाले की अशा रुग्णांची नजर काही काळ मंदावते. खरा दोष अंगातल्या वाढलेल्या उष्णतेचा, हे नंतर कळले. एमआरआय हाताशी येईपर्यंत निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे उमटतात का ते पाहत. आवरण झिजलेल्या मज्जातंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो. अंगाचे तापमान किंचित वाढले तरी तो अडतो, आणि अंग निवले की पुन्हा जाऊ लागतो. नवी इजा होत नाही. पण मडगावातल्या मे महिन्यात, घाम न सुकणाऱ्या दमट हवेत, अंग निवायचे कधी? एसी लावला तर ते लाड ठरतात. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी सगळे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट) बांधायला हात वर करून उभे असताना एखादी सून खाली बसून राहिली तर ती अंगचोर ठरते. ‘दिसते तर चांगली’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की पुढे पुढे ते बाहेरून यावे लागत नाही, आतूनच येते.

आत्मकरुणेचे संशोधन नेमके या आतल्या आवाजाकडे वळले. बौद्ध विचारातून घेतलेली ही कल्पना 2003 मध्ये अमेरिकेत 26 प्रश्नांच्या प्रश्नावलीत बसवली गेली. स्वतःशी मायेने वागणे, असे दुःख आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही हे ओळखणे आणि त्रासात वाहून न जाता तो पाहणे, असे तिचे तीन धागे. दीर्घ आजारांच्या अभ्यासांत ती पुढच्या दशकात शिरली. एमएस रुग्णांवरचा एक ठळक अभ्यास 2018 चा आहे: स्वतःविषयी करुणा जास्त असलेल्यांचे जीवनमान बरे आढळले, आणि त्यातला बराचसा संबंध सावरण्याच्या ताकदीतून जात होता. मात्र असे बरेच अभ्यास एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर उभे आहेत. करुणेमुळे दिवस बरे जातात की दिवस बरे जात असल्यामुळे करुणा परवडते, हे त्यांतून ठरत नाही. शिवाय मूळ प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न करुणेविषयी नसून स्वतःवरच्या कठोरपणाविषयी आहेत, आणि दोन्हींची एकत्र बेरीज करावी का, यावर मानसशास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. आत्मकरुणेने रिलॅप्स (लक्षणे पुन्हा उफाळणे) टळतो असे कुणी सांगत असेल, तर त्याला पुरावा विचारावा.

आपल्याकडे मात्र रुग्णाच्या स्वतःकडे पाहण्याच्या नजरेवर या सगळ्या संशोधनापेक्षा जास्त परिणाम केला तो एका कायद्याने.

1995 च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, त्यांत एमएस नव्हता. पाय गेले तर अस्थिव्यंगाच्या दारातून, नजर गेली तर दृष्टिदोषाच्या दारातून रुग्णाने आत यावे, अशी व्यवस्था. डिसेंबर 2016 मध्ये नवा कायदा संसदेत मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. प्रकार 21 झाले आणि दीर्घकालीन मज्जाविकारांत पार्किन्सन्ससोबत एमएसचे नाव आले. रुग्णांच्या घरी याचा आनंद झाला तो साहजिक होता. पण त्याच कायद्याच्या कलम 34 मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणाची यादी आहे आणि तिथे एमएस नाही. अस्थिव्यंगाच्या गटात स्नायूंचा क्षय होणारे रुग्ण घेतले, ॲसिड हल्ल्यातले पीडित घेतले, तेही योग्यच. एमएस मात्र 21 प्रकारांच्या परिशिष्टात राहिला आणि आरक्षणाच्या यादीतून सुटला. उच्च शिक्षणातले 5 टक्के आरक्षण 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या कुणालाही मिळते. नोकरीचे मिळत नाही. बरे-वाईट होत राहणाऱ्या आजाराला ठरावीक पदाशी जुळवणे अवघड, असा बचाव करता येईल. पण कलमातल्या यादीत मानसिक आजार आहे आणि तोही बरा-वाईट होतच असतो. त्यामुळे हा बचाव फारसा टिकत नाही.

दुसरी गुंतागुंत टक्क्यांची. मोजणीची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी 2018 मध्ये निघाली आणि 2024 मध्ये बदलली, पण 40 चा उंबरठा कायम आहे. अपंगत्वाच्या ओळखपत्राचा रंगही टक्क्यांवरच ठरतो: 40 च्या खाली पांढरे, पुढे पिवळे, 80 पासून निळे. तपासणी होते एखाद्या सकाळी, आणि एमएस सकाळी वेगळा असतो, दुपारी वेगळा. रात्रभर झोपून, गारव्यात, गाडीतून गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) उतरलेला माणूस तपासणी मंडळासमोर जितका चालतो तितका तो दुपारी तीनला कदंबाच्या बसमधून उतरल्यावर चालू शकत नाही. हा दोष तपासणाऱ्यांचा नाही. त्यांच्यासमोर जे येते तेच ते मोजणार. म्हणून घरचे आदल्या रात्री बजावतात, ‘उद्या फार चालून दाखवू नकोस.’ आणि पुढच्याच आठवड्यात फोंड्याला लग्नाला निघताना तेच घर म्हणते, ‘काठी घरीच ठेव, लोक विचारतील.’ एका ठिकाणी आहे त्याहून कमी धडधाकट दिसायचे, दुसऱ्या ठिकाणी जास्त. आजार खरा असल्याची कसोटी आधीपासून होती, कायद्याने तिला आकडा दिला. 36 टक्के मिळालेला माणूस बाहेर येताना आजार कमी असल्याचा आनंद मानत नाही. आपण खोटे ठरलो असे त्याला वाटते.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा अपंग व्यक्तींचा पहिला उत्सव झाला आणि अपंगत्वाचा विषय गोव्यात घरोघरी पोचला. त्यातले रॅम्प, खास व्हीलचेअर, सांकेतिक भाषेतले दुभाषे लोकांच्या लक्षात राहिले. डोळ्यांना दिसते ते राहतेच. थकवा, धूसर होणारी नजर, लघवीची घाई, मध्येच हरवणारा शब्द यांच्याविषयी बोलणे अजून घराच्या आतच चालते.

ज्या तरतुदीचा गोव्यात सर्वाधिक उपयोग व्हावा, तिच्याविषयी तर फारच कमी बोलले जाते. एमएसची सुरुवात बहुधा विशीत ते चाळिशीत होते, म्हणजे पुष्कळदा नोकरी लागल्यावर, आणि आपल्याकडे सरकारी नोकरीची ओढ काही नवी नाही. कलम 20 प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. आधीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. तरी डिचोलीतली शिक्षिका किंवा पेडण्यातला कारकून अर्ज करायला कचरतो. ‘आपण दयेवर जगायचे नाही’ हे वाक्य तिथे येते. आत्मकरुणेवर चाललेल्या गटांत आता शिकवणाऱ्याला श्वासाच्या व्यायामाइतकाच हा अर्ज कसा लिहायचा, हेही विचारले जाते, आणि त्यात वावगे काही नाही.